वळ्ळियम्मैचा निर्णय

तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल वसाहतीत उसाच्या मळ्यावर करारानं राबणाऱ्या हिंदी मजुराला पहिल्या वर्षी महिन्याला दहा शिलिंग मिळत, दर वर्षी एक शिलिंग वाढे आणि पाचव्या वर्षी पगार चौदावर जाऊन थांबे. करार संपल्यावर जो मजूर मायदेशी परतला नाही आणि नवा करारही केला नाही, त्यानं वर्षाला तीन पौंड सरकारजमा करावेत, असा कायदा नातालच्या गोऱ्या विधिमंडळानं १८९५ मध्ये केला. चौदा शिलिंगांच्या हिशेबानं ही सव्वाचार महिन्यांची कमाई. कर माणशी होता. बायकोचा वेगळा, सोळा वर्षांवरच्या मुलाचा वेगळा, तेरा वर्षांवरच्या मुलीचा वेगळा. चौघांच्या घराला बारा पौंड, म्हणजे दोनशे चाळीस शिलिंग, म्हणजे सतरा महिन्यांचा पगार. आणि वर्ष तर बारा महिन्यांचंच. तिजोरी भरावी हा या कराचा मुख्य हेतू नव्हताच. मजुरानं एक तर पुन्हा मळ्यात राबावं, नाही तर जहाजात बसावं, मोकळा माणूस म्हणून या देशात राहू नये, एवढ्यासाठी तो बसवला होता. मूळ मागणी पंचवीस पौंडांची होती. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांनी आकडा तीनवर आणला आणि तत्त्व मात्र मान्य करून टाकलं.

या कराविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात गेलेली एक मुलगी सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, २२ फेब्रुवारी १९१४ रोजी, जोहान्सबर्गला तापानं वारली. तिचं नाव वळ्ळियम्मै, वय सोळा. वडील मुनुस्वामी मुदलियार मूळचे पुदुच्चेरीकडचे, जोहान्सबर्गला फळं-भाजीचं दुकान चालवणारे. आई मंगलम तिल्लैयाडी गावची. हे गाव तरंगंबाडीच्या डेन्मार्ककरांच्या जुन्या वसाहतीजवळ, कावेरीच्या मुखाशी. तेव्हा ते तंजावूर जिल्ह्यात होतं, १९९१ नंतर नागपट्टिणम जिल्ह्यात गेलं आणि २०२० पासून मयिलाडुतुरै जिल्ह्यात आहे. तमिळनाडूत ‘तिल्लैयाडी वळ्ळियम्मै’ हे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गावात १९७१ मध्ये राज्य सरकारनं स्मारक सभागृह आणि वाचनालय बांधलं, चेन्नईत को-ऑप्टेक्स या हातमाग सहकारी संस्थेच्या इमारतीला तिचं नाव आहे, २००८ मध्ये तिचं टपाल तिकीटही निघालं. पण या सगळ्या गौरवात एक सूर कायम ऐकू येतो: कोवळं पोर, गांधींच्या शब्दावर जीव ओवाळून टाकणारी भाबडी भक्त. माझं म्हणणं असं की हा सूर तिच्यावर अन्याय करतो. वळ्ळियम्मै ही एका राजकीय चळवळीतली कार्यकर्ती होती, आणि तिचा निर्णय ज्या परिस्थितीत झाला ती नीट मांडली, तर वर्णद्वेषाविरुद्धच्या पुढच्या ऐंशी वर्षांच्या लढ्यातली एक महत्त्वाची गोष्ट तिच्यापाशी सुरू होताना दिसते. मुद्दा पहिल्याच हिशेबात आहे. ती जोहान्सबर्गच्या दुकानदाराची मुलगी. नातालच्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर तिच्या घराला लागू नव्हता.

आधी तंजावूरचा विचार करू, कारण मराठी वाचकाच्या मनातलं तंजावूर आणि हे तंजावूर यांची भेट क्वचितच होते. आपल्याला एकोजीराजे माहीत असतात, सरफोजीराजे आणि त्यांचा सरस्वती महाल माहीत असतो. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारस न ठेवता वारले आणि कंपनीनं गादी खालसा केली, इथे आपला इतिहास बहुधा संपतो. त्यानंतर पाचच वर्षांनी, ऑक्टोबर १८६० मध्ये, ‘ट्रूरो’ नावाचं जहाज मद्रासहून करारी मजुरांची पहिली तुकडी घेऊन निघालं आणि १६ नोव्हेंबरला डर्बनला लागलं. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. पण एकाच प्रदेशाच्या इतिहासातली त्या दशकातली ही दोन पानं आहेत आणि आपण त्यातलं एकच वाचतो. १८६० ते १९११ या काळात १,५२,१८४ मजूर नातालला गेले, त्यातले सुमारे दोन तृतीयांश मद्रास बंदरातून. त्यात उत्तर आर्काट, चेंगलपट्टू, विशाखापट्टणम या जिल्ह्यांचा भरणा मोठा. तंजावूरचा मुख्य ओघ नागपट्टिणम बंदरातून सिलोन आणि मलायाकडे वाहायचा. तरी नातालच्या मळ्यांवर आणि जोहान्सबर्गसारख्या ट्रान्सवालच्या शहरांत कावेरीकाठची माणसं होतीच.

कावेरीचा डेल्टा म्हणजे दक्षिणेचं भाताचं कोठार, आणि ज्यांच्या हातांनी ते भरायचं त्यांच्याच पोटात भात नसायचा. जमीन मिरासदारांची, राबणारे पण्णैयाळ. मालकाच्या शेताला पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे गडी बहुतेक परैयर आणि पळ्ळर जातींचे. १८४३ च्या कायद्यानं गुलामगिरीला सरकारी मान्यता उरली नाही, पण कर्ज आणि जात या दोन दोऱ्या तशाच राहिल्या. पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा यायला १९५२ साल उजाडलं, आणि १९६८ मध्ये याच जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत ४४ दलित मजूर जिवंत जाळले गेले. म्हणून ‘स्वतंत्र गावातून माणूस उचलला आणि परदेशी गुलामीत टाकला’ असं चित्र रंगवणं खोटं ठरेल. गावाकडची बांधीलकी आणि मळ्यावरची बांधीलकी यांत निवड करावी लागणारी माणसं होती ती. नातालमध्ये त्यांना एकच नवी गोष्ट दिसत होती: इथे करार पाच वर्षांनी संपत होता. तीन पौंडांच्या करानं नेमकी तीच काढून घेतली.

आता चळवळीकडे. १९०६ पासून ट्रान्सवालमध्ये गांधींनी जो सत्याग्रह चालवला त्याचा विषय होता आशियाई लोकांची सक्तीची नोंदणी आणि बोटांचे ठसे. त्यात पैसा आणि पुढारीपण बरंचसं गुजराती व्यापाऱ्यांचं. तुरुंगात जाण्याची वेळ वारंवार आली तेव्हा व्यापारी थकले आणि मागे उरले ते बहुतेक तमिळ: फेरीवाले, छोटे दुकानदार, हॉटेलातले वाढपी. अठरा वर्षांचा नागप्पन तुरुंगातल्या थंडीत न्यूमोनिया होऊन ६ जुलै १९०९ रोजी गेला. नारायणस्वामी हद्दपारीच्या जहाजावर हाल सोसून १६ ऑक्टोबर १९१० रोजी वारला. तरीही नातालच्या मजुरांचा कर या लढ्याच्या मागण्यांत नव्हता. ही उणीव इतिहासकारांनीच दाखवली असं नाही; तेव्हाच्या माणसांनीही ती बोलून दाखवली होती. डर्बनचे तमिळ पत्रकार पी. एस. अय्यर आपल्या ‘आफ्रिकन क्रॉनिकल’मधून १९११ पासून या कराविरुद्ध ओरडत होते आणि गांधी इकडे लक्ष देत नाहीत असं उघड म्हणत होते. अय्यर तोंडाळ होते, पुढे गांधींचे कडवे टीकाकार झाले, पण या एका मुद्द्यावर ते काळाच्या पुढे होते हे कबूल केलं पाहिजे.

कर मागण्यांत आला तो एका मराठी माणसामुळे, आणि तेही त्याला दिलेला शब्द मोडला गेल्यामुळे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडून नातालला मजूर पाठवणं बंद करण्याची वाट मोकळी केली होती. १९११ पासून ती निर्यात थांबली. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केपटाउनला उतरले आणि महिनाभर देश फिरले. जोहान्सबर्गच्या एका सभेत कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू होते. तिथे गांधींनी आग्रह केला म्हणून ते मराठीत बोलले आणि गांधींनी त्याचं हिंदुस्तानी करून सांगितलं. पण दौऱ्याचं खरं काम झालं प्रिटोरियात, पंतप्रधान जनरल बोथा आणि मंत्री जनरल स्मट्स यांच्या भेटीत. तीन पौंडांचा कर जाणार, या खात्रीनं गोखले बाहेर पडले. पुढच्या वर्षी सरकारनं विधेयक आणलं नाही. नातालच्या गोऱ्यांचा विरोध आहे, असं कारण सांगितलं. गोखल्यांचा शब्द खोटा पाडणं म्हणजे साऱ्या हिंदुस्थानचा अपमान, ही भूमिका घेऊन गांधींनी कर सत्याग्रहाच्या मागण्यांत घातला. याआधी लढा ज्यांच्या नावानं चालायचा पण ज्यांच्यासाठी नव्हता, ते हजारो मजूर या एका मागणीनं आत आले.

दुसरी ठिणगी न्यायालयात पडली. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम नावाच्या स्त्रीच्या प्रकरणात निकाल दिला: ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करता येतात, त्या धर्माच्या रीतीनं लागलेलं लग्न कायद्याच्या नजरेत लग्न नाही. एका निकालानं हिंदू आणि मुसलमान बायका रखेल ठरल्या. या ठिकाणी एक तपशील सांगितलाच पाहिजे, कारण तो नेहमीच्या कथेत गळतो. १९१३ च्या मे महिन्यातच जोहान्सबर्गच्या हिंदी महिला मंडळानं गृहखात्याला तार करून कळवलं होतं की विवाहांचा प्रश्न सुटला नाही तर बायका तुरुंगात जातील. मंडळाच्या मानद चिटणीस होत्या सोन्या श्लेसिन, गांधींच्या कचेरीतल्या सहकारी. तार पाठवणारी संघटना, ठराव, इशारा, मग कृती: याला राजकारण नाही तर काय म्हणायचं?

सप्टेंबरमध्ये कस्तुरबांसह गांधींच्या फिनिक्स आश्रमातली तुकडी विनापरवाना ट्रान्सवालची हद्द ओलांडून पकडली गेली. त्यानंतर ट्रान्सवालच्या अकरा बायका, एक सोडून बाकी सगळ्या तमिळ, काहींच्या कडेवर तान्ही मुलं, नातालमधल्या न्यूकॅसलच्या कोळसाखाणींवर गेल्या. म्होरकी होती ट्रान्सवालचे सत्याग्रही थंबी नायडू यांची पत्नी वीरम्माळ. या बायकांनी खाणीच्या वस्त्यांत फिरून मजुरांना त्यांच्याच भाषेत कराचा अर्थ सांगितला. तारखांचा क्रम पाहण्यासारखा आहे. १६ ऑक्टोबरच्या सुमारास संप सुरू झाला. २१ ऑक्टोबरला बायकांना पकडून तीन महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली, तोवर खाणींतला वणवा आटोक्याबाहेर गेला होता. ६ नोव्हेंबरला गांधींच्या मागून २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुलं ट्रान्सवालची हद्द ओलांडत निघाली. त्याच महिन्यात समुद्रकाठचे उसाचे मळे बंद पडले. तिथे गांधी गेलेच नव्हते; तोवर ते तुरुंगात होते. माउंट एजकोंब आणि एस्पेरान्झा इथे गोळीबार झाला, मजूर मेले. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रासच्या जाहीर सभेत दक्षिण आफ्रिका सरकारचा निषेध केला, तो या संपामुळे. गांधींची कीर्ती यातून जगभर गेली, त्याबद्दल कुणाची तक्रार असण्याचं कारण नाही. पण संप पेटवला तो न्यूकॅसलला गेलेल्या त्या बायकांनी, आणि चालवला मजुरांनी.

वळ्ळियम्मै या अकरा जणींत होती असं अनेक ठिकाणी छापलेलं आढळतं. गांधींनी दिलेल्या नावांच्या यादीत ती नाही. तिला आणि तिच्या आईला शिक्षा झाली ती २२ डिसेंबर १९१३ रोजी, तीन महिने सक्तमजुरीची. मला ही उशिराची तारीखच महत्त्वाची वाटते. तोवर मळ्यांवर माणसं मारली गेली होती. पहिली तुकडी दोन महिने मारित्झबर्गच्या तुरुंगात कपडे धूत होती आणि तिथलं अन्न कसं असतं हे जोहान्सबर्गच्या प्रत्येक तमिळ घराला ठाऊक होतं. सरकारनं चौकशी आयोग नेमून वाटाघाटीचं दार किलकिलं केलं होतं आणि १८ डिसेंबरला गांधी सुटलेही होते. म्हणजे माघार घ्यायला सबबी भरपूर होत्या. तरी ती तुरुंगात गेली. तुरुंगात आजारी पडल्यावर मुदतीआधी सोडण्याची तयारी अधिकाऱ्यांनी दाखवली, तेव्हा तिनं नकार दिला. सुटून आली ती अंथरुणाला खिळलेलीच.

इथून पुढे आपण फक्त गांधींच्या आठवणीवर अवलंबून आहोत. तुरुंगात गेल्याचा पश्चात्ताप होतो का, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, आता पकडलं तर पुन्हा जाईन. आणि त्यात मरण आलं तर, असं विचारल्यावर तिनं त्याचीही पर्वा केली नाही. हे गांधींनी ज्या इतिहासात लिहिलं तो त्यांनी पुण्याच्या येरवडा तुरुंगात १९२३ मध्ये लिहायला घेतला, घटनेनंतर नऊ-दहा वर्षांनी, हाताशी कागदपत्रं नसताना. तेव्हा तिचे शब्द जसेच्या तसे हेच होते असा आग्रह धरता येत नाही. तिच्या हातचं एक पत्रही आपल्यासमोर नाही. पण हा अविश्वास एका टोकाला थांबवावा लागतो, कारण तिच्या शब्दांना आधार तिच्या कृतीचा आहे. सुटका नाकारणारी मुलगी पश्चात्ताप झाला नाही असं म्हणाली, तर त्यात नवल काय?

याउलट एक गोष्ट मात्र बाजूला ठेवायला हवी, मग ती कितीही लाडकी असो. तुमच्या देशाला झेंडासुद्धा नाही, असं कुणी गोरा अधिकारी हिणवून म्हणाला आणि वळ्ळियम्मैनं आपल्या भगव्या-पांढऱ्या-हिरव्या साडीचा पदर फाडून हा घ्या झेंडा म्हणून दाखवला, अशी कथा तमिळनाडूत सांगतात. १९१४ मध्ये हे तीन रंग हिंदुस्थानचा झेंडा म्हणून कुणाला माहीत नव्हते. गांधींपुढे चरख्याच्या झेंड्याचा आराखडा १९२१ मध्ये बेझवाड्याला आला. त्याआधीचा प्रसिद्ध झेंडा म्हणजे मादाम कामांनी १९०७ मध्ये श्टुटगार्टला फडकवलेला, जो आज पुण्यात केसरीच्या ग्रंथालयात आहे. त्याचे रंगही वेगळे. कथेतलं खरं नुकसान कालविपर्यासाचं नाही. ती या मुलीचा प्रश्नच बदलून टाकते. वळ्ळियम्मै झेंड्यासाठी गेली नव्हती, राष्ट्राच्या अमूर्त मानासाठीही नाही. मळ्यावरच्या बाईला वर्षाला तीन पौंड का मागता आणि माझ्या आईचं लग्न खोटं का ठरवता, असे दोन अगदी व्यवहारातले प्रश्न होते ते.

आता आक्षेप. पहिला सरळ आहे: पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा निर्णय तिचा मानायचा कसा? आई गेली म्हणून ती गेली असेल. गांधींचा शब्द त्या वस्तीत कायद्यासारखा चालत होता. आक्षेपात तथ्य आहे. घर, आई, समाज यांच्या बाहेर उभं राहून निर्णय घेणारं माणूस मात्र कुठल्याच चळवळीत सापडत नाही. प्रौढ पुरुषाबद्दल हा प्रश्न आपण विचारत नाही, मुलीबद्दल लगेच विचारतो. शिवाय ज्या राज्यानं तेरा वर्षांच्या मुलीला करदाती धरलं, त्या राज्यापुढे सोळाव्या वर्षी उभी राहणारी मुलगी लहान ठरत नाही. दुसरा मुद्दा घराण्याचा. मुदलियार, पिळ्ळै, नायडू ही नावं डेल्ट्यातल्या पण्णैयाळांची नव्हेत. समुद्रापार नावं आणि जाती बऱ्याच बदलतात, म्हणून त्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी शहरातल्या दुकानदारांच्या घरातल्या बायका मजुरांच्या वस्तीत जाऊन बसल्या, त्यांच्या कराला आपला प्रश्न म्हणाल्या, हे तिल्लैयाडीत किंवा तंजावुरात त्या काळी घडलं नसतं. परदेशानं ते अंतर थोडं कमी केलं, आणि चळवळीनं आणखी.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. याला वर्णभेदविरोधी लढा म्हणायचं कशाच्या आधारावर? ‘अपार्थाइड’ हे सरकारी धोरण झालं १९४८ मध्ये, नॅशनल पक्ष निवडून आल्यावर. आणि १९१३ चा लढा फक्त हिंदी लोकांचा होता. गांधींनी तरुणपणी आफ्रिकी लोकांविषयी जे लिहिलं ते आज वाचवत नाही. डर्बनच्या टपाल कचेरीत हिंदी लोकांना आफ्रिकींबरोबर एका दारातून जावं लागतं ही त्यांची तक्रार होती आणि वेगळं दार मिळाल्याचं समाधानही. अश्विन देसाई आणि गुलाम वाहेद यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात हा सगळा पुरावा कठोरपणे मांडला आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. १९१३ मध्ये हिंदी मजुरांनी आफ्रिकी मजुरांना संपात बोलावलं नाही, हेही खरं.

तरीही १९४८ ला भिंत घालून अलीकडचं-पलीकडचं वेगळं करणं मला पटत नाही, कारण भिंतीचा पाया १९१३ मधलाच आहे. १९ जून १९१३ रोजी नेटिव्ह्ज लँड ॲक्ट अमलात आला आणि देशातल्या बहुसंख्य आफ्रिकी जनतेच्या वाट्याला सुमारे ७ टक्के जमीन ठेवण्यात आली. तो कायदा रद्द व्हायला १९९१ उजाडावं लागलं. त्याच १९१३ मध्ये ऑरेंज फ्री स्टेटच्या ब्लूमफाँटेनमध्ये आफ्रिकी बायकांनी पास, म्हणजे वावराचा सरकारी परवाना, बाळगायला नकार दिला, मोर्चा काढला आणि तुरुंगात गेल्या. करारी मजुराला मळ्याशी बांधणारा कर, आफ्रिकी बाईच्या गळ्यातला पास आणि जमिनीची मोजणी करून काढलेली सात टक्क्यांची रेघ ही एकाच कारखान्यातली यंत्रं आहेत: माणसाचे हात हवेत, माणूस शेजारी नको. दोन्हीकडच्या बायका एकमेकींना भेटल्या नाहीत. गोखले आणि गांधी १९१२ मध्ये जॉन दुबे यांच्या ओहलांगे शाळेत जाऊन आले, त्या वर्षी स्थापन झालेल्या आफ्रिकी काँग्रेसचे दुबे पहिले अध्यक्ष. पण त्या भेटीतून संयुक्त कृती काही निघाली नाही. एकी नव्हती, हा १९१३ चा दोष आहे. लढ्याची एकच पद्धत मात्र दोन्हीकडच्या बायकांनी स्वतंत्रपणे शोधली होती: कायदा मोडायचा, शिक्षा मागायची, तुरुंग भरायचे.

या पद्धतीनं काय मिळालं? जुलै १९१४ च्या कायद्यानं तीन पौंडांचा कर रद्द झाला, एकपत्नी विवाहांना मान्यता मिळाली. मताधिकार, जमीन, संचार यांतलं काहीच मिळालं नाही. ज्यांना हा व्यवहार तोट्याचा वाटतो त्यांनी तंजावूरच्याच दुसऱ्या माणसाचा मार्ग शेजारी ठेवून पाहावा. वी. एस. श्रीनिवास शास्त्री कुंभकोणमजवळच्या वलंगैमानचे, पुण्याच्या भारत सेवक समाजात गोखल्यांचे वारस. १९२७ मध्ये ते हिंदुस्थान सरकारचे दक्षिण आफ्रिकेतले पहिले एजंट झाले. त्यांच्या इंग्रजीनं गोरे श्रोते दिपून जात. डर्बनला त्यांच्या खटपटीनं शास्त्री कॉलेज उभं राहिलं आणि तिथून पुढे वर्णद्वेषाशी लढणारी माणसंही निघाली, हे श्रेय मोठं आहे. पण ज्या केपटाउन कराराच्या आधारावर शास्त्री गेले, त्या करारानं हिंदी लोकांना पैसे देऊन परत पाठवण्याची योजना मान्यच केली होती. तीन पौंडांच्या कराचा हेतू तोच होता. फरक एवढाच की आता कर भरायला लावण्याऐवजी बक्षीस द्यायचं. उत्तम इंग्रजी आणि सदिच्छा यांवर भरवसा ठेवून त्या सरकारला बदलता येत नाही, हे समजायला आणखी वीस वर्षं गेली. १९४६ मध्ये जमीनबंदीचा नवा कायदा आला तेव्हा हिंदी काँग्रेसचे पुढारी डॉ. नायकर आणि डॉ. दादू यांनी पुन्हा जुनीच वाट धरली, सुमारे २,००० लोक तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी या दोघांनी आफ्रिकी काँग्रेसच्या डॉ. झुमांबरोबर करार केला आणि १९१३ मध्ये जे झालं नव्हतं ते झालं. १९५२ च्या कायदेभंगात आठ हजारांवर माणसं, आफ्रिकी आणि हिंदी एकत्र, पकडली गेली.

ही वाट नुसत्या स्मृतीनं चालत आली, असं म्हटलं तर कुणी पुरावा मागेल, म्हणून एक घर दाखवतो. न्यूकॅसलला गेलेल्या वीरम्माळ नायडूंचा मुलगा नारणस्वामी गांधींच्या आश्रमात वाढला आणि परत येऊन ट्रान्सवालच्या चळवळीत पडला. त्याची बायको मनोन्मणी, सगळ्यांची ‘अम्मा’, १९४६ मध्ये तुरुंगात गेली आणि ९ ऑगस्ट १९५६ रोजी प्रिटोरियावर गेलेल्या वीस हजार बायकांच्या मोर्चात चालली. तो मोर्चा पासविरोधी होता, म्हणजे ब्लूमफाँटेनच्या बायकांचा १९१३ चा प्रश्न. चालणाऱ्यांत न्यूकॅसलच्या बाईची सून होती. तिचा मुलगा इंद्रेस १९६३ मध्ये घातपाताच्या आरोपावरून गोळी लागून पकडला गेला आणि त्यानं दहा वर्षं रॉबेन बेटावरच्या तुरुंगात काढली. मुलगी शांती १९६९ मध्ये स्थानबद्ध झाली. विनी मंडेला आणि इतरांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी तिला झोपू न देता उभं करून चौकशी केली, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणलं. तिथे तिनं साक्ष द्यायला नकार दिला आणि त्याबद्दल आणखी दोन महिन्यांची शिक्षा घेतली. एकूण ३७१ दिवसांनी ती सुटली. १९७२ मध्ये सरकारनं तिला देश सोडायचा परवाना दिला, जाता येईल पण परत येता येणार नाही या अटीवर.